राज्याची सीमा संसद बदलू शकते, तर भारताला संघराज्य का म्हणावे?

प्रश्न : जिज्ञासू_सातारा
अनुच्छेद ३ नुसार संसद साध्या बहुमताने नवे राज्य निर्माण करू शकते. संबंधित विधिमंडळाचे केवळ मत मागवले जाते. जानेवारी २०१४ मध्ये आंध्र प्रदेश विधानसभेने विभाजनाचे विधेयक नाकारले, तरी पुढच्याच महिन्यात संसदेने ते मंजूर केले. मग संघराज्याचे कोणते वैशिष्ट्य आपल्याकडे खरोखर शिल्लक राहते?

उत्तर : घटना_वाचक
माझ्या मते कसोटी सीमेची नसून अधिकारांची आहे. पोलीस, शेती, जमीन हे विषय राज्यांना केंद्राने बहाल केलेले नाहीत. ते सातव्या अनुसूचीने, म्हणजे थेट राज्यघटनेने दिलेले आहेत. महापालिकेचा कायदा विधिमंडळ स्वतःच्या बळावर बदलू शकते, परंतु या सूची बदलायच्या झाल्यास संसदेतील विशेष बहुमताबरोबरच किमान निम्म्या राज्यांच्या विधिमंडळांची संमती अनुच्छेद ३६८ ने आवश्यक केली आहे. शिवाय वाद झाल्यास निवाडा सर्वोच्च न्यायालय करते. सीमाप्रश्नी महाराष्ट्राने २००४ मध्ये तेथेच दावा दाखल केला.

उत्तर : करदाता
वरील विवेचन योग्य आहे, पण पैशाचा विचार केल्याशिवाय ते अपुरे राहते. पंधराव्या वित्त आयोगाने राज्यांचा वाटा ४१ टक्के ठरवला, तो केवळ वाटपयोग्य करांतील. उपकर आणि अधिभार त्यात धरले जात नाहीत, त्यामुळे केंद्राने त्यांवर भर दिला की राज्यांच्या हाती येणारा प्रत्यक्ष हिस्सा घटतो. जीएसटी परिषदेत केंद्राच्या मताचे वजन एक तृतीयांश असून निर्णयाला तीन चतुर्थांश बहुमत लागते, म्हणजे सारी राज्ये एकत्र आली तरी केंद्राविना ठराव संमत होत नाही. अधिकार कागदावर अबाधित ठेवून त्यांतील बळ काढून घेता येते, याची मला अधिक चिंता वाटते.

उत्तर : विधी_अभ्यासक
राष्ट्रपती राजवटीचाही उल्लेख हवा. १९९४ च्या बोम्मई निकालात नऊ न्यायाधीशांच्या खंडपीठाने अशी राजवट न्यायालयीन तपासणीस पात्र ठरवली आणि बहुमताची परीक्षा सभागृहातच व्हावी असे सांगितले. या निकालाने राज्य सरकारांना मोठे संरक्षण मिळाले.

मूळ प्रश्नातील उणीव मात्र खरी आहे. अमेरिकेत एखाद्या राज्यातून नवे राज्य काढायचे असल्यास त्या राज्याच्या विधिमंडळाची संमती घ्यावीच लागते. भाषावार प्रांतरचनेच्या काळात संसदेला मोकळीक असणे आवश्यक होते, हे मान्य. आज मात्र अनुच्छेद ३ मध्ये मताऐवजी संमतीची अट असावी, असे मला ठामपणे वाटते.