शिफारसपत्रात घरच्या अडचणी लिहाव्यात का? मदत हवी आहे

मी दापोली तालुक्यातील एका कनिष्ठ महाविद्यालयात शिकवतो. आमच्या दोन विद्यार्थिनींनी निबंध आणि शिफारसपत्र मागणाऱ्या एका खासगी विद्यापीठात अर्ज केला असून दोघींचीही पत्रे मला लिहायची आहेत. पहिलीचे वडील मासेमारी बोटीवर खलाशी आहेत. २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात छप्पर उडाल्यापासूनचे कर्ज आणि घरकाम सांभाळून आपण बारावी कशी केली, हे तिने निबंधात मोकळेपणाने लिहिले आहे. दुसरीची स्थिती माझ्या मते अधिक बिकट आहे, परंतु आईच्या आजारपणाचा कुठेही उल्लेख करू नये, असे तिने मला स्पष्ट बजावले आहे.

आर्थिक दुर्बल घटकांच्या १० टक्के आरक्षणाला ८ लाख रुपयांची उत्पन्नमर्यादा तरी आहे, दाखला दाखवता येतो. अशा हालअपेष्टा मोजायच्या कशा? त्या विचारात घेणे मला मुळीच अन्यायाचे वाटत नाही, मात्र ज्याला आपले दुःख नीट मांडता येते त्यालाच त्याचा लाभ मिळावा, हे खटकते. (दिल्लीच्या जेएनयू विद्यापीठाने मागास जिल्ह्यांतील उमेदवारांना प्रवेशात जादा गुण दिले आहेत, त्यासाठी निदान कोणाला घरचे काही सांगावे लागले नाही.)

दुसरीचा शब्द न मोडता तिच्या परिस्थितीची कल्पना समितीला येईल, असे पत्र कसे लिहावे? प्रवेश समितीवर काम केलेल्यांनी अशा पत्रांतील कोणता मजकूर प्रत्यक्षात विचारात घेतला जातो, हेही कृपया सांगावे.