ड्रोन आले म्हणून साखळी विसरायची?

खानापूरकर: काल इथं एकानं लिहिलं, ‘उपग्रह आल्यावर गोऱ्यांच्या मोजणी मोहिमांची किंमत शून्य, ते सारा वसूल करायला आले होते.’ वाचून डोकं फिरलं. यंदा भावकीत बांधावरून भांडण लागलं. मोबाईलवरच्या नकाशात हद्द थेट आमच्या विहिरीतून! मोजणीदारानं जुनं टिपण, म्हणजे शेताच्या मापांचा हातानं काढलेला कच्चा नकाशा, काढलं, माप धरलं आणि घाणेरीच्या जाळीत खणायला लावलं. हातभर खाली हद्दीचा दगड. ड्रोनला आजचा बांध दिसतो. तो किती सरकलाय हे टिपणच सांगतं. मोजणीची ३३ फुटी साखळी, तिचे १६ भाग म्हणजे आणे, साखळीचा चौरस म्हणजे एक गुंठा. आजही जमीन गुंठ्यातच विकता ना?

निपाणीकर: मीच लिहिलं, मागे घेणार नाही. इंग्रज अधिकारी लॅम्बटननं १८०२ मध्ये मद्रासेहून मोजणी सुरू केली. अर्ध्या टनाचं थिओडोलाइट, ते कोन मोजायचं यंत्र, वाहिलं कुणी? त्यांची नावं कुठायत? राधानाथ सिकदारांनी उंचीचं गणित केलं, शिखराला नाव मोजणी खात्याच्या एव्हरेस्ट साहेबाचं. कौतुक कसलं करता?

उचगावची लेक: तुमचं १८०२ राहू दे. माझ्या शेताचा उतारा कन्नडमध्ये. आजोबांचं आडनाव चुकलंय, ते दुरुस्त करायला तीन वर्षं खेटे घालतेय. आधी त्याचं बोला.

निपाणीकर: बरोबर! १९५६ ला आपला सीमाभाग कन्नड राज्यात घातला, तेव्हापासून हेच चाललंय.

खानापूरकर: प्रत्येक धागा तिकडेच का नेता?

उचगावची लेक: कारण खेटे तुम्हाला घालावे लागत नाहीत! अर्ज कन्नडमध्ये लिहून घ्यायला दर वेळी पैसे मोजते मी. तुमचा दगड सापडला, म्हणून आमचं दुखणं फालतू?

खानापूरकर: फालतू कोण म्हणालं? मीही त्याच रांगेत उभा राहतो. पण ‘खेडे हा घटक’ धरून सीमाप्रश्न सोडवा, ही मागणी आपलीच ना? त्या खेड्याची शीव कागदावर आणली या साखळीनंच.

निपाणीकर: शीव आधीपासून होती. पाटील-कुळकर्ण्यांनी राखली, गोऱ्यांनी फक्त उतरवून घेतली.

खानापूरकर: उतरवली म्हणूनच आज दाखवता येते.

निपाणीकर: टिपण कामाचं, एवढं मानतो. मान मात्र साखळी ओढणाऱ्या खलाशांना देईन, लॅम्बटनला नाही.

उचगावची लेक: ते टिपण कुठल्या भाषेत आहे?

खानापूरकर: मोडी लिपीत. मोजणीदारालाही आकड्यांपलीकडे वाचता आलं नाही. कडेला दोन ओळी आहेत, विहिरीबद्दल असाव्यात. मोडी येणारं कुणी असेल तर सांगा, फोटो पाठवतो.