विषय: नववीला कॅथलिक हायस्कूल – कोणाचा अनुभव आहे का?

प्रेषक: स्नेहल, मिसिसागा

नमस्कार मंडळी,

आमची ईरा सप्टेंबरात नववीत जाईल. कॅथलिक हायस्कूल घरापासून चालत बारा मिनिटांवर आहे, पब्लिक हायस्कूलला बस. तिच्या व्हॉलीबॉलच्या दोन मैत्रिणी कॅथलिक शाळेत चालल्यात, त्यामुळे तिचं ठरलंय. नवऱ्याचं म्हणणं, "चार वर्षांनी घरी येऊन आपल्यालाच प्रवचन देईल." सासूबाई पुण्याहून फोनवर म्हणाल्या, "अगं, आमच्या वेळी कॉन्व्हेंटात ॲडमिशन मिळावी म्हणून लोक नवस बोलायचे!"

तर प्रश्न असे. आपल्यासारख्यांना घेतात का? फी किती? आणि धर्माचं नेमकं काय काय करावं लागतं? तिला स्टुडंट कौन्सिलमध्येही शिरायचंय, तिथे हिंदू म्हणून आडकाठी येते का?

– स्नेहल

---

प्रेषक: विनायक, ओकव्हिल

स्नेहल, घेतात, आणि फी शून्य. प्राथमिक शाळेला बाप्तिस्म्याचा दाखला मागतात, पण नववीपासून दार सगळ्यांना उघडं. तसा कायदाच आहे.

फी का नाही? कारण पैसा सरकारचा, म्हणजे तुझा-माझा. इथेच माझं घोडं पेंड खातं. कॅनडाच्या १८६७ च्या घटनेतल्या कलम ९३ ने ओंटारिओच्या कॅथलिकांना आणि क्वेबेकच्या प्रोटेस्टंटांना आपापल्या शाळांची हमी दिली. त्या काळातली ती तडजोड होती, समजू शकतो. पुढे १९९७ मध्ये क्वेबेकने घटनादुरुस्ती करून यातून अंग काढून घेतलं, न्यूफाउंडलंडने त्याच वर्षी सार्वमत घेऊन चर्चच्या शाळा बंद केल्या. ओंटारिओत मात्र गंगा उलटी वाहिली. पूर्वी दहावीपर्यंतच सरकारी पैसा मिळायचा, पुढच्या वर्षांची फी आईबाप भरायचे. १९८४ मध्ये ओंटारिओचे प्रीमियर (म्हणजे मुख्यमंत्री) बिल डेव्हिसनी शेवटच्या वर्षापर्यंत सगळा खर्च सरकार उचलेल असं जाहीर केलं, १९८७ मध्ये सुप्रीम कोर्टाने त्यावर शिक्का मारला. १९९९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीने याला भेदभाव म्हटलं, तरी इथे सगळे ढिम्म. २००७ मध्ये विरोधी पक्षनेते जॉन टोरी म्हणाले, मग बाकीच्या धर्मांच्या शाळांनाही पैसे देऊ. निवडणूक हरले.

आणखी एक. पोरगी तिथे शिकली तरी या शाळा चालवणाऱ्या बोर्डाच्या ट्रस्टींना (ते निवडून येतात) तुला मत देता येणार नाही, उभं राहणं तर लांबच. ते फक्त कॅथलिकांना. त्यांच्या माहितीपत्रकात 'नेतृत्व' आणि 'समाज' हे शब्द मोठ्या अक्षरांत असतात, म्हणून सांगून ठेवतो.

– विनायक

---

प्रेषक: कार्यकारिणी

शनिवारच्या कार्यक्रमाच्या पार्किंगसाठी वेगळा मेल पाठवला आहे, कृपया तो शोधून वाचावा. विनायककाका, राजकारण जरा बेतानं.

---

प्रेषक: मुग्धा, ब्रॅम्प्टन

स्नेहल, आमचा थोरला चारही वर्षं अशाच शाळेत होता, त्यामुळे कामाचं तेवढं सांगते.

धर्माचा एक कोर्स दरवर्षी असतो आणि तो डिप्लोमाच्या ३० क्रेडिटांत धरला जातो. नको असेल तर पालकांनी लेखी अर्ज करायचा. २०१४ मध्ये आमच्या ब्रॅम्प्टनचंच एक कुटुंब कोर्टात गेलं होतं. तेव्हा कोर्टाने सांगितलं की सूट फक्त तासापुरती नाही, मिस्सा (चर्चची सामूहिक उपासना) आणि रिट्रीटचीही (धार्मिक शिबिराची) सक्ती करता येणार नाही. आम्ही मात्र अर्ज केला नाही. सूट घेतलेली मुलं मिस्सेच्या वेळी लायब्ररीत बसायची आणि आमच्या चिरंजीवांना मित्रांशिवाय लायब्ररीत बसणं ही शिक्षा वाटायची. तत्त्व वगैरे काही नाही त्यात.

अकरावीला जगातल्या सगळ्या धर्मांचा कोर्स असतो. त्यात पठ्ठ्याने वारी हा विषय घेतला आणि आदल्या रात्री अकरा वाजता मला विचारतो, "आई, रिंगणात घोडा का पळतो?" पुण्यात पालखी दारावरून जायची, तेव्हा मी कधी हा प्रश्न कोणाला विचारला नव्हता. गूगल करून सांगितलं.

डिप्लोमासाठी ४० तास समाजसेवा सगळ्याच शाळांत लागते, पब्लिकमध्येही. त्याचे निम्मे तास आपल्या मंडळाच्या गणपतीत पंगत वाढण्यात भरले.

एक प्रसंग मात्र सांगायलाच हवा. नववीत ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी तो घरी आला आणि दप्तर न ठेवताच म्हणाला, "आज प्रिन्सिपलबाईंनी माझे पाय धुतले." मला कळेचना. येशूने शेवटच्या भोजनाच्या वेळी शिष्यांचे पाय धुतले होते, त्याची आठवण म्हणून जिममध्ये बारा मुलांना खुर्च्यांवर बसवलं होतं. बाई गुडघ्यांवर, समोर भांडी विसळायचं प्लॅस्टिकचं टब, खांद्यावर टॉवेल. आदल्याच आठवड्यात याच बाईंनी त्याला शाळेत फोन वापरल्याबद्दल झापलं होतं. त्याची सगळी चिंता ही की मोज्याला अंगठ्यापाशी भोक होतं आणि ते बाईंनी पाहिलं. मग हळूच म्हणाला, "त्यांना उठता येत नव्हतं गं, गुडघा दुखत होता बहुतेक." चार वर्षांत त्या शाळेबद्दल एवढं एकच वाक्य तो आवाज खाली आणून बोलला असेल.

– मुग्धा

---

प्रेषक: विनायक, ओकव्हिल

मुग्धा, छान लिहिलंस. पण पाय धुतले म्हणून कलम ९३ धुऊन निघत नाही.

---

प्रेषक: फिलोमिना, मिसिसागा

सगळ्यांना नमस्कार. मी या यादीवर फक्त वाचते. पण विषय आमच्या घरचा निघाला, म्हणून लिहिते.

मी वसईची, निर्मळची. आमची मिस्सा मराठीत, शाळा चर्चची आणि तीही मराठी माध्यमाची. वर्गात निम्मी मुलं हिंदू. धर्मशिक्षणाच्या तासाला ती नीतिशिक्षणाला जायची आणि कार्तिकातल्या जत्रेला आम्ही सगळे एकत्र सुकेळी (वाळवलेली केळी) खात फिरायचो. त्यामुळे कॅथलिक शाळेत हिंदू मूल म्हटल्यावर मला नवल वाटत नाही. इथे येऊन नवल वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. कॅथलिक घरातलीच किती मुलं रविवारी चर्चचं तोंड बघत नाहीत! माझीही त्यात आली.

स्नेहल, मिस्सेचं सांगते. सगळे उठले की उठायचं, बसले की बसायचं. गुडघे टेकायची सक्ती नाही. ख्रिस्तप्रसाद, म्हणजे मिस्सेत देतात ती पवित्र भाकर, मात्र बाप्तिस्मा झालेल्या कॅथलिकांसाठीच. ईराने तो उत्सुकतेपोटीही घेऊ नये. आमच्यासाठी ती खाऊची वस्तू नाही. वर्गाबरोबर रांगेत जायचं असेल तर दोन्ही हात छातीवर फुलीसारखे ठेवायचे, म्हणजे फादर फक्त आशीर्वाद देतात. नाहीतर बाकावर बसून राहायचं, कोणी काही म्हणत नाही.

कौन्सिलचं म्हणशील तर माझ्या मुलीच्या वर्षी प्रेसिडेंट शीख मुलगी होती. वर्षाच्या पहिल्या मिस्सेला विद्यार्थ्यांच्या वतीने प्रार्थना तिनेच वाचली, तीही आमच्या कार्टीपेक्षा स्पष्ट. पण कौन्सिल म्हणजे नुसते डान्स आणि पिझ्झा असं तिथे चालत नाही. थँक्सगिव्हिंगला गरजूंसाठी खाण्याचे डबे गोळा करा, ईस्टरआधीच्या उपवासकाळात निधी जमवा, कोणाच्या घरी कोणी गेलं तर चॅप्लिनबरोबर चॅपलमध्ये (शाळेतल्या प्रार्थनाघरात) खुर्च्या मांडा, हे सगळं त्यात येतं. चॅप्लिन म्हणजे शाळेत धर्माचं आणि मुलांच्या मनाचं बघणारा माणूस. तो फादरच असतो असं नाही हं, बहुतेक ठिकाणी पगारावरचा साधा संसारी माणूस असतो. शाळा बघायला जाल तेव्हा प्रिन्सिपलचं भाषण सोडा, त्याला गाठा. शाळेचा खरा पोत तिथे कळतो.

आता कडू भाग. एका शाळेत (नाव नको) राखेच्या बुधवारी (त्या दिवशी आम्ही कपाळावर राखेची खूण लावतो) एका शिक्षकाने एका गुजराती मुलाला भर वर्गात विचारलं, "तुझं कपाळ कोरं का?" पोरगं रडवेलं झालं. दुसऱ्या दिवशी चॅप्लिनने त्याच्या घरी फोन करून माफी मागितली, शिक्षकाने नाही. आणि आमची माणसं सगळ्या गोष्टींत एकमताची आहेत असंही समजू नका. २०२१ मध्ये प्राइडचा (एलजीबीटी समाजाचा) झेंडा लावायचा की नाही यावर टोरोंटोचं कॅथलिक बोर्ड हो म्हणालं, जवळचंच हाल्टनचं नाही म्हणालं. धर्म तोच, पोप तोच.

विनायककाका, तुमचं म्हणणं मला पटतं, आणि हे मी कॅथलिक असून सांगते. एकाच धर्माला पैसा, हे कोणाच्या तोंडावर समर्थन करायला मला जमत नाही. पण तो वाद तुम्ही-आम्ही घालायचा, ईराच्या पाठीवर ते ओझं नको. स्नेहल, तुम्हा दोघांना तिथला क्रूस भिंतीवर रोज खुपणार असेल तर पाठवू नका, खरंच सांगते. घरी नाक मुरडायचं आणि शाळेत हात जोडायचे, यात पोर पिळून निघतं. खुपणार नसेल तर मात्र पहिल्याच दिवशी सगळ्याची सूट मागणारं पत्र देऊ नका. तिला आधी बघू दे. तिचं तिला कळेल.

– फिलोमिना

---

प्रेषक: स्नेहल, मिसिसागा

सगळ्यांचे मनापासून आभार. फिलोमिनाताई, तुमचा मेल नवऱ्याने दोनदा वाचला.

काल शाळा बघून आलो. सूट घेतलेली मुलं कुठे बसतात, हे मी व्हाइस प्रिन्सिपलना विचारलं, ते जरा गडबडले. "लायब्ररीत, किंवा, म्हणजे, बघतो." चॅप्लिनबाई मात्र चॅपलच्या दारातच भेटल्या. ईराने सरळ विचारलं, "मला गुडघे टेकावे लागतील का?" त्या म्हणाल्या, "नाही. पण मी टेकले की उठताना मला हात दे." परतीच्या वाटेवर नवरा गप्प होता. घरी आल्यावर म्हणाला, "युनिफॉर्म केवढ्याला पडतो?" म्हणजे ठरलं म्हणायचं.

तर आता शेवटचा प्रश्न. युनिफॉर्म नवा घ्यायचा तर बराच महाग आहे. कोणाकडे जुना स्वेटर आहे का? गडद निळा, मिडियम.

– स्नेहल

---

प्रेषक: विनायक, ओकव्हिल

आमच्या नातीचा आहे, मिडियमच. शनिवारी हॉलवर घेऊन येतो.

(हो, नात तिथेच होती. मतं माझी, शाळा तिच्या आईबापांनी निवडलेली.)

पार्किंग नक्की कुठे आहे?