विषय: जुनी गाडी शोरूमला द्यावी की स्वतः विकावी? (शुक्रवारपूर्वी उत्तर हवे आहे)

प्रेषक: ग्रंथालय समिती

सप्रेम नमस्कार,

शुक्रवारी करारावर सही करायची आहे. आमची पाच वर्षांची सेडान नव्या गाडीच्या बदल्यात घ्यायला शोरूम तयार आहे, परंतु तिलाच एक खासगी ग्राहक सहा टक्के जास्त देतो आहे. सहा टक्के सोडून देणे मनाला पटत नाही. आपल्या मंडळाच्या गेल्या सहलीच्या वेळी माजी कोषाध्यक्ष काकांनी कराचा काही हिशेब सांगितला होता, तो मला आता नीट आठवत नाही. कृपया कोणीतरी पुन्हा मांडावा.

प्रेषक: माजी कोषाध्यक्ष

ताई, सही करण्याआधी विचारलेत हे फार बरे झाले.

नव्या गाडीवरचा विक्रीकर पूर्ण किमतीवर लागतो की जुनी गाडी वजा करून उरलेल्या रकमेवर, हे प्रथम लेखी विचारून घ्या, कारण हा नियम सर्वत्र सारखा नाही. समजा नवी गाडी 100 रुपयांची, जुनी 40 ची आणि कर 8 टक्के आहे. कर फरकावर लागत असेल तर तो 60 वर, म्हणजे 4.80 रुपये होतो. जुनी गाडी बाहेर विकली तर तोच पूर्ण 8 रुपये भरावा लागतो. म्हणजे शोरूमच्या 40 ची खरी किंमत 43.20 आहे आणि तुमच्या ग्राहकाचे सहा टक्के धरूनही 42.40 च होतात. कर पूर्ण किमतीवर असेल तर मात्र हा लाभ उरत नाही आणि खासगी ग्राहक सरस ठरतो.

दुसरी गोष्ट मी आग्रहाने सांगतो. नव्या गाडीची अंतिम किंमत कागदावर येईपर्यंत जुन्या गाडीचा विषय काढू नका आणि मासिक हप्त्यावर बोलणी मुळीच करू नका. दोन सौदे एकत्र झाले की एकीकडे दिलेली सूट दुसरीकडून वसूल होते, आणि मुदत वाढवून हप्ता कितीही लहान दाखवता येतो.

प्रेषक: रंगमंच समिती

काकांचा हिशेब बरोबर आहे, परंतु सहा टक्के हा आकडा त्यांनी अंतिम धरला, तो मला मान्य नाही. खासगी विक्रीत किंमत कागदपत्रांवर ठरते. मी माझी गाडी विकताना पहिल्या दिवसापासूनच्या सर्व्हिसच्या पावत्या तारखेप्रमाणे लावल्या, दुसरी चावी शोधून काढली आणि गाडीबरोबर आलेली मूळ चाकेही दिली. महागड्या गाडीची दुसरी चावी नसली की ग्राहक लगेच किंमत पाडतो, कारण ती नव्याने करून घेणे अतिशय खर्चिक असते.

तरीही माझी एक चूक झाली. टायरची नक्षी चांगली दिसत होती म्हणून मी निश्चिंत होतो. ग्राहकाने मात्र टायरच्या कडेवरचे चार अंक वाचले. पहिले दोन अंक आठवड्याचे आणि शेवटचे दोन वर्षाचे असतात, म्हणजे 2318 हे 2018 सालच्या 23 व्या आठवड्यात बनलेले टायर. चारही टायर जुने निघाले आणि मला किंमत कमी करावी लागली.

प्रेषक: वाहतूक समिती

टायरविषयी: गाडी शोरूमला द्यायची असेल तर नवे टायर घालू नयेत. त्यांना तेच काम स्वस्तात पडते आणि आपण घातलेले पैसे किमतीत परत येत नाहीत. सहलीच्या गाड्यांची तपासणी गेली अनेक वर्षे आमची समिती करते, त्यामुळे असे प्रश्न आधी आमच्याकडे आले तर अधिक योग्य होईल.

आमच्या मते खरी बचत विकण्यात नाही, घेण्यात आहे. आलिशान गाडीची किंमत पहिल्या दोन-तीन वर्षांत सर्वांत वेगाने घसरते आणि हौसेने घेतलेल्या जादा सुविधांचे पैसे पुनर्विक्रीत फारच थोडे परत मिळतात. म्हणून भाडेकरार संपवून परत आलेली, वॉरंटी शिल्लक असलेली गाडी पाहावी. परंतु तपासणी सोडू नये. रंगाची जाडी मोजण्याच्या यंत्रावर कारखान्यातला रंग साधारण 100 ते 180 मायक्रॉन येतो. एखाद्याच दारावर 300 च्या पुढे आकडा गेला तर तिथे पुन्हा रंगकाम झाले असावे. यात एक अडचण आहे. अशा अनेक गाड्यांचे बॉनेट अॅल्युमिनियमचे असते आणि फक्त चुंबकीय पद्धतीने मोजणारे यंत्र त्यावर चालत नाही. आमच्या समितीचे यंत्र पोलाद आणि अॅल्युमिनियम या दोन्ही धातूंवर चालते, मात्र ते समितीच्या सदस्यानेच हाताळावे.

याशिवाय गाडीच्या संगणकातले बिघाडाचे संकेत नुकतेच पुसले असतील तर प्रदूषण नियंत्रणाच्या स्वयंचाचण्या (गाडीचा संगणक स्वतःच करतो त्या) अपूर्ण दिसतात; तसे असेल तर बिघाड लपवला असण्याची शंका घ्यावी. एअर सस्पेन्शन (स्प्रिंगऐवजी हवेच्या फुग्यांवर तोललेली गाडी) असेल तर गाडी रात्रभर उभी ठेवून सकाळी चारही कोपऱ्यांची उंची मोजावी; एखादा कोपरा खाली बसला असेल तर तिथे हवा गळत असावी.

प्रेषक: माजी कोषाध्यक्ष

यंत्राची खरेदी माझ्या कार्यकाळात मंडळाच्या निधीतून झाली आहे. ते कोणत्याही सदस्याला मागितल्यावर मिळावे, असे तेव्हाच ठरले होते.

प्रेषक: ग्रंथालय समिती

सर्वांचे मनापासून आभार. आमच्या इथे कर फरकाच्या रकमेवर लागतो, असे शोरूमने लेखी कळवले आहे. खासगी ग्राहकाचा देकार दाखवल्यावर त्यांनी जुन्या गाडीची किंमत आणखी दोन टक्क्यांनी वाढवली, म्हणून ती त्यांनाच देत आहोत. गाडीतले फोनचे क्रमांक, घराचा पत्ता आणि अॅपची जोडणी आज रात्री काढून टाकते.

करारात रंगसंरक्षक लेपाची एक रक्कम मात्र मी न मागता घातलेली आढळली. ती वगळायला सांगितली आहे आणि सुधारित प्रत हाती आल्याशिवाय शुक्रवारी सही करणार नाही.