घरी रुग्ण येणार असेल तेव्हा: तयारीचे अनुभव

सावली
परवा एका मैत्रिणीने विचारले, "बाबांना सोमवारी घरी सोडणार आहेत, काय काय आणून ठेवू?" आणि सासूबाईंना पक्षाघातानंतर घरी आणले तेव्हाचे सगळे पुन्हा आठवले. वस्तूंची यादी मी तिला दिलीच, पण त्याआधी सांगितले की सोमवारपर्यंत रुग्णालयात जे जे हाताने करून पाहता येईल ते करून पाहा, कारण डिस्चार्जच्या कागदावर औषधे आणि पुढच्या तपासणीची तारीख असते. माणसाला अंथरुणात वर कसे सरकवायचे, हे त्यावर नसते.

मला हे एका परिचारिकेने शिकवले. रुग्णाच्या खांद्यांपासून मांड्यांपर्यंत येईल अशी एक चादर आडवी घालायची, दोन्ही बाजूंना उभ्या राहिलेल्या दोघांनी तिच्या कडा शरीराला लागून गुंडाळत आणून मुठीत घट्ट धरायच्या आणि "एक, दोन, तीन" म्हणून एकदमच उचलून वर सरकवायचे. ओढायचे नाही, कारण गादीवर घासून त्वचा सोलवटते. कपडे घालताना लुळा हात आधी बाहीत घालायचा, काढताना तो शेवटी काढायचा. त्या हाताला धरून रुग्णाला कधीही उठवायचे नाही, कारण खांद्याभोवतीचे स्नायू सैल पडलेले असतात आणि सांधा निखळू शकतो. घरी आल्यावर सगळ्यांत जास्त उपयोग याच गोष्टींचा झाला. आपण काय तयारी केली होती, ते जरूर लिहावे.

रानवारा
चाकांच्या खुर्चीविषयी लिहितो. माझ्या भावाने खुर्ची घेण्यापूर्वी टेप घेऊन घरातले प्रत्येक दार मोजले आणि न्हाणीघराचेच दार सर्वांत अरुंद निघाले, जे बहुतेक घरांत होते. खुर्चीची बाहेरून रुंदी साधारण 60 ते 70 सेंटिमीटर असते आणि चाके फिरवणाऱ्या हातांनाही जागा लागते, म्हणून दाराची मोकळी जागा 80 सेंटिमीटर तरी असावी. आम्ही त्या दाराची फळी काढून पडदा लावला. तेवढ्याने खुर्ची आत गेली. उंबऱ्यासाठी उतार करायचा असेल तर उंचीच्या बारापट लांबी धरावी, म्हणजे 15 सेंटिमीटरच्या पायरीला 180 सेंटिमीटर. सुतार "एवढा कशाला?" म्हणतोच, पण आखूड उतारावरून माणसासकट खुर्ची ढकलून दाखव म्हटले की गप्प बसतो.

तिसरी_घंटा
त्यात एक भर घालते. टॉवेल अडकवायची दांडी ही आधाराची दांडी नव्हे, हे वाक्य प्रत्येक न्हाणीघरात मोठ्या अक्षरांत लावायला हवे. तोल गेला की माणूस जे हाताला लागेल ते धरतो आणि ती दांडी त्याच्यासकट खाली येते.

रानवारा
आमच्याकडे ती मोठ्या अक्षरांतली पाटी वाचायलाही चष्मा लागला असता, म्हणून दांडीच काढून टाकली.

कुमुदिनी
आईच्या वेळी आमची सगळी तयारी बेडसोअर, म्हणजे एकाच जागी सतत दाब पडून होणाऱ्या जखमा, होऊ नयेत याभोवतीच होती, त्यामुळे थोडे सविस्तर लिहिते. हवेची गादी आणली की काम झाले, असा समज सर्वत्र आहे. ती गादी दाब आलटून पालटून कमी करते, पण कुशीवर वळवण्याला पर्याय नाही. साधारणपणे दर दोन तासांनी वळवावे असे आम्हाला सांगितले होते. नेमके किती वेळाने वळवायचे, ते डॉक्टरांनी त्या रुग्णापुरते ठरवून द्यावे. पूर्ण कुशीवर झोपवण्याऐवजी पाठीमागे उशी लावून थोडेसे कलते ठेवायचे, म्हणजे सगळा भार खुब्याच्या हाडावर येत नाही. टाचांकडे लोकांचे लक्ष जात नाही. पोटऱ्यांखाली उशी अशी ठेवायची की टाचा गादीला टेकणारच नाहीत.

रोज अंग पुसताना माकडहाड, खुबे, टाचा, कोपरे आणि खांद्यांची हाडे पाहायची. लाल डाग दिसला तर बोटाने दाबून बघायचे; बोट काढल्यावर तो क्षणभर पांढरा पडला नाही, तर ती जखमेची सुरुवात समजून लगेच कळवायचे. सावळ्या त्वचेवर लाली सहज दिसत नाही, तेव्हा ती जागा आजूबाजूपेक्षा गरम, कडक किंवा दुखरी लागते का ते बघावे. अशा जागी चोळून मालिश करू नये आणि मधे भोक असलेली रबरी गोल उशीही देऊ नये, कारण तिच्या कडेवरच दाब वाढतो. ही उशी मात्र प्रत्येक नातेवाईक प्रेमाने घेऊन येतो. आमच्याकडे तीन जमल्या होत्या.

नाव_नको
कुमुदिनी, दर दोन तासांनी म्हणजे रात्रीसुद्धा, आणि घरोघरी खरा प्रश्न तिथेच येतो. आमच्या घरी सगळ्या भावंडांनी "आम्ही आहोत" असे म्हटले होते, पण पहाटे तीन वाजता कोण आहे, हे कोणीच ठरवले नव्हते. शेवटी वहिनीने एक कागद भिंतीला चिकटवला, त्यावर वेळ, कोणती कूस आणि नाव असे रकाने आखले, आणि ज्याचे नाव त्याने उठायचे असे ठरले. रात्रीसाठी ठरवलेली मदतनीस पहिल्याच आठवड्यात न कळवता यायची बंद झाली, तेव्हा याच कागदाने आम्हाला तारले. भेटायला येणाऱ्यांविषयी लिहायला घेतले तर वेगळा धागा काढावा लागेल.

तिसरी_घंटा
काढाच. "तुम्ही थोडी विश्रांती घ्या हो" असे म्हणून दोन तास गप्पा मारत बसणाऱ्यांवर पहिला प्रतिसाद माझा असेल.

औदुंबर
मी रुग्णसेवेच्या क्षेत्रात आहे. नाकातून घातलेल्या नळीने अन्न देणार असाल तर देताना रुग्णाचे डोके आणि छाती 30 ते 45 अंश वर असावी आणि नंतरही निदान अर्धा तास तशीच ठेवावी, अन्यथा अन्न उलटून श्वासमार्गात जाण्याचा धोका असतो. नाकाजवळ नळीवर जी खूण असते, ती प्रत्येक वेळी आधी बघावी. खूण सरकलेली असेल तर काहीही न देता फोन करावा. गोळ्या सरसकट कुटून नळीतून घालू नयेत. काही गोळ्या हळूहळू विरघळण्यासाठी बनवलेल्या असतात, त्या कुटल्या तर पूर्ण मात्रा एकदम अंगात जाते. घरी जाण्यापूर्वी प्रत्येक गोळीचे नाव घेऊन "ही कुटली तर चालेल का?" असे विचारून घ्यावे. लघवीची पिशवी नेहमी मूत्राशयाच्या पातळीखाली, पण जमिनीला न टेकणारी असावी. रुग्णाला खुर्चीत बसवण्याच्या धांदलीत ती मांडीवर ठेवली जाते, तेवढे टाळावे.

मध्यरात्र
बाबांना घरी ऑक्सिजन लागणार होता. कॉन्सन्ट्रेटर हे यंत्र ऑक्सिजन साठवत नाही. ते खोलीतलीच हवा घेऊन तिच्यातला नायट्रोजन गाळून टाकते, म्हणजे वीज गेली की ऑक्सिजनही बंद. म्हणून भरलेले सिलिंडर शेजारी ठेवले होते आणि वीज असतानाच सगळ्यांनी ते एकेकदा जोडून पाहिले होते. त्या खोलीत काडी, मेणबत्ती, धूम्रपान पूर्ण बंद होते. नाक कोरडे पडते म्हणून पेट्रोलियमचे तेलकट मलम लावू नये, हे आम्हाला यंत्र बसवणाऱ्याने बजावले होते.

पाऊलवाट
सर्वांचे लेखन वाचले. उपयुक्त आहे, पण ज्यांच्यासाठी ही धावपळ चालते त्यांना काय हवे, हे मध्ये कुठे आले नाही. आम्ही वडिलांची खाट आतल्या खोलीत, शांत जागी लावायच्या बेतात होतो. त्यांना विचारले, तर त्यांना दार दिसेल अशी जागा हवी होती, कोण आले कोण गेले ते कळावे म्हणून. बाहेरच्या खोलीत खाट आल्याने आमची अडचण झाली, पडदे लावावे लागले, कुरबुरी झाल्या, पण त्यांनी हाका मारणे पुष्कळ कमी केले. अंग पुसायला मुलगी नको, मुलगाच हवा, हेही त्यांनी तेव्हाच सांगितले.

नाव_नको
आमच्याकडे उलट होते. आईला कोणाच्याही नजरेस पडायचे नव्हते.

सावली
पाऊलवाट, हे मैत्रिणीला कळवते. तिचा आणखी एक प्रश्न आहे: खाट किती उंचीची घ्यावी?

औदुंबर
बाबा आधाराने उठून उभे राहणार असतील, तर काठावर बसल्यावर पावले पूर्ण टेकतील आणि गुडघे काटकोनात येतील एवढी. पूर्ण अंथरुणावर असतील, तर सेवा करणाऱ्याच्या कमरेएवढी, नाहीतर त्याचीच पाठ जाते. दोन्ही लागणार असेल तर कमीजास्त होणारी खाट भाड्याने घ्यावी. मात्र माणूस एकटा झोपलेला असताना ती सर्वांत खालच्या उंचीवर ठेवावी आणि चाकांचे ब्रेक लावावेत. खाटेचे कठडे गोंधळलेल्या रुग्णासाठी विचारूनच लावावेत, कारण तो त्यांवरून चढून जायला बघतो आणि अधिक उंचावरून पडतो.

सावली
त्यांना रात्री थोडा भ्रम होतो, म्हणजे कठडे नकोत. भाड्याच्या खाटेचे आजच विचारायला सांगते.