प्रबंधाच्या प्रकरणाचा पेपर करताना: कऱ्हा खोरं, १४ नकाशे आणि ८,००० शब्दांची मर्यादा

कऱ्हाकाठ

नमस्कार मंडळी,

प्रबंधातल्या एका प्रकरणाचा पेपर करून भूगोलाच्या जर्नलला पाठवायचा आहे. विषय पुणे जिल्ह्यातल्या कऱ्हा नदीच्या खोऱ्यातला भूमी उपयोजनातला (जमिनीच्या वापरातला) बदल, १९९२ ते २०१९. १९९२ साठी लँडसॅट ५ आणि २०१९ साठी सेंटिनेल-२, दोन्ही उपग्रहप्रतिमा फेब्रुवारीतल्या. सुपरवाइज्ड वर्गीकरण (नमुने देऊन संगणकाकडून करून घेतलेलं), सहा वर्ग, कप्पा (वर्गीकरण प्रत्यक्षाशी किती जुळतं त्याचा आकडा) ०.८४. मसुदा ११,४०० शब्दांचा झालाय, नकाशे १४, तक्ते ९. जर्नलची मर्यादा संदर्भांसकट ८,००० शब्द. समीक्षा दोन्ही बाजूंची नावं झाकून.

शीर्षक सध्या असं आहे (पेपर अर्थातच इंग्रजीत): 'कऱ्हा खोऱ्यातील भूमी उपयोजन व भूमी आच्छादन बदलाचा भूस्थानिक अभ्यास'.

विचारायचं ते असं: काय कापू? नकाशे ए-फोर पानावर ३०० डीपीआयने काढलेत, तेवढं पुरेल ना? यूजीसीची मान्य जर्नलांची केअर यादी बंद झाल्यावर जर्नल खरं की बोगस हे कसं ओळखायचं? आणि अपलोड करताना कोणत्या फायली वेगळ्या द्यायच्या?

---

रेषाप्रमाण

नकाशांचं आधी सांगतो, कारण संपादक गोषवारा वाचून झाला की थेट आकृत्यांवर जातो.

डीपीआय ३०० आहे, पण पानाचा आकार चुकलाय. एल्सेव्हिअरच्या सूचनांत एका स्तंभाची रुंदी ९० मिमी, दीड स्तंभाची १४० आणि दोन स्तंभांची १९० मिमी दिलेली आहे. बाकी प्रकाशकांचे आकडेही याच्या आसपासच असतात. तुमचा उभा ए-फोर २१० मिमी रुंद. त्यावर गावांची नावं ८ पॉइंटात टाकली आणि छापताना नकाशा ९० मिमीवर आला, की तीच नावं साधारण ३.४ पॉइंटांची होतात. सासवड आणि जेजुरीच्या जागी मुंग्या दिसतात. म्हणून क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरच्या लेआउटमध्ये पानाचा आकारच १९० × १५० मिमी असा ठेवा आणि सगळं त्यावरच मांडा. सूचीतली अक्षरं ७ पॉइंटांच्या खाली नकोत, सीमारेषा पाव पॉइंटापेक्षा बारीक नकोत. एक्स्पोर्ट केल्यावर पीडीएफ १०० टक्के आकारात उघडा, कागदावर छापा आणि हातभर अंतरावरून वाचा.

नुसत्या रेषांची आकृती (प्रवाहजाळं, आलेख) असेल तर ३०० पुरत नाही, १००० डीपीआय मागतात. रेषा आणि रास्टर (पिक्सेलचं चित्र) एकत्र असतील तर ५००. टिफ द्या, जेपीजीत अक्षरांभोवती धूळ उठते. व्हेक्टर पीडीएफ (रेषा रेषा म्हणूनच साठवणारी) देणार असाल तर एक खोड माहीत असू द्या: एखाद्या थराला पारदर्शकता किंवा ब्लेंडिंग लावलेलं असलं की क्यूजीआयएस त्याचं रास्टर करून टाकतो आणि रेषा खरबरीत दिसायला लागतात.

अंकप्रमाण काढून टाका. '१:२,५०,०००' लिहिलेला नकाशा प्रकाशकाने लहान केला की तो आकडा खोटा ठरतो. रेषाप्रमाण नकाशाबरोबरच लहान-मोठं होतं, ते ठेवा. वृत्तजाळी (अक्षवृत्त-रेखावृत्तांची जाळी) असेल तर उत्तर दिशेचा बाण नसला तरी चालतो, निदान तो फुलाफुलांचा तरी नको. लाल-हिरवी जोडी टाळा, कलरब्रूअरमध्ये रंगांधांना चालणाऱ्या रंगपट्ट्या तयार मिळतात.

१४ पैकी ५ नकाशे ठेवा: स्थान, १९९२, २०१९, बदल, आणि कारण दाखवणारा एक. उंची, उतार, मृदा, भूरचना हे सगळं पुरवणीत. त्या नकाशांकडे बोट दाखवणारं एकही वाक्य निष्कर्षात नसेल तर पुरवणीतही नकोत.

जाता जाता, प्रोजेक्टचं प्रक्षेपण बघून घ्या. मागे गुगलचा बेसमॅप लावला की प्रोजेक्ट गुपचूप ३८५७ वर, म्हणजे वेब नकाशांच्या मर्केटर प्रक्षेपणावर जातो. त्यात रास्टर सेव्ह करून पिक्सेल मोजले, तर आपल्या १८ अंश अक्षवृत्तावर क्षेत्रफळ सुमारे ११ टक्के जास्त येतं. कऱ्हेसाठी यूटीएम प्रक्षेपणाचा ४३ उत्तर हा पट्टा, म्हणजे कोड ३२६४३. (४३ चा पट्टा ७८ अंश पूर्वेला संपतो. नागपूरवाल्यांनी ४४ घ्यायचा.) आणि उताराचा नकाशा अंशातल्या डीईएमवरून (उंचीच्या रास्टरवरून) काढला असेल तर सगळं खोरं ९० अंशांच्या कड्यासारखं दिसेल, कारण आडवं माप अंशात आणि उभं मीटरमध्ये. त्यासाठी डीईएम आधी यूटीएममध्ये आणा.

---

पाणलोट

रेषाप्रमाण यांनी नकाशे नीट लावून दिले. पण हा पेपर परत येणार असेल तर वेगळ्याच तीन जागी अडकून येईल.

एक, शीर्षक. 'अमुक खोऱ्याचा भूस्थानिक अभ्यास' यात प्रश्नच नाही. खोरं ही जागा झाली. संपादकाच्या टेबलावर असे पेपर ढिगाने येतात आणि 'व्याप्ती स्थानिक आहे' एवढ्या एका ओळीवर समीक्षकाकडे न जाता परततात. कऱ्हेत विचारण्यासारखं आहे: पर्जन्यछायेतल्या खोऱ्यात कोरडवाहू जमीन फळबागेकडे कुठे वळली, आणि ती पाण्याच्या मागे गेली की रस्त्याच्या? शीर्षकात तो प्रश्न आणि गोषवाऱ्याच्या दुसऱ्या वाक्यात त्याचं उत्तर, आकड्यासकट. 'या अभ्यासात बदलांचे विश्लेषण करण्यात आले आहे' छापाची वाक्यं गोषवाऱ्यातून सरळ उडवा.

दोन, २०१९ ची प्रतिमा. २०१८ चा पावसाळा तुटीचा होता आणि त्या ऑक्टोबरअखेर राज्यात १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला होता. त्यानंतरच्या फेब्रुवारीत रब्बीचं शेत पडीक दिसलं, तर तो २७ वर्षांचा बदल म्हणायचा की एका वर्षाचा? समीक्षक हे विचारणारच. दोन्ही टोकांना निदान तीन-तीन वर्षांच्या प्रतिमा घ्या, नाहीतर पर्जन्यमापक केंद्रांची आकडेवारी शेजारी ठेवून ती वर्षं एकमेकांशी तुलना करण्याजोगी आहेत हे दाखवा. दुसरं असं की, बहर न धरलेल्या सीताफळाच्या बागा फेब्रुवारीत पानं झडून बसलेल्या असतात. उपग्रहाला त्या आणि झुडपी माळ सारखेच दिसतात. पुरंदरात ही चूक किरकोळ नाही. पावसाळ्यानंतरची, नोव्हेंबरची प्रतिमा जोडीला घेतली की बराच गुंता सुटतो.

तीन, दोन वेगळे सेन्सर. सेंटिनेलचा एक पिक्सेल म्हणजे जवळजवळ एक गुंठा, लँडसॅटचा जवळजवळ नऊ गुंठे. चार-पाच गुंठ्यांची अंजिराची बाग १९९२ मध्ये दिसूच शकत नव्हती, २०१९ मध्ये दिसते. मग तक्त्यात फळबाग वाढलेली येते, आणि त्यातली किती शेतकऱ्याने लावली, किती सेन्सरने लावली, हे सांगता येत नाही. २०१९ साठी लँडसॅट ८ घ्या. सेंटिनेलवरचं काम वाया जात नाही, तपासणीचे बिंदू ठरवायला ते कामी येईल.

शब्द कापायचं म्हणाल तर: प्रबंधातला साहित्याचा आढावा २,५०० शब्दांचा असेल, तो ७०० वर आणा. अभ्यासक्षेत्राचं वर्णन ३०० शब्दांत. एनडीव्हीआयचं (हिरवाईच्या निर्देशांकाचं) सूत्र, सुपरवाइज्ड वर्गीकरण म्हणजे काय, हे भूगोलाच्या जर्नलच्या वाचकाला समजावायची गरज नसते. कोणते बँड, प्रतिमेची तारीख, पाथ-रो (लँडसॅटच्या प्रतिमेचा स्थानक्रमांक) आणि किती प्रशिक्षण बिंदू, एवढं मात्र हवंच. मुळाबरहुकूम पुन्हा करता येईल इतका तपशील द्या, पाठ्यपुस्तक नको.

---

कऱ्हाकाठ

दोघांचेही आभार. लँडसॅट ८ वर पुन्हा वर्गीकरण करायला घेतो. पण कप्पा ०.८४ आहे, तो चांगला धरतात ना? अचूकतेबद्दल वेगळं काही लिहावं लागेल का?

---

पाणलोट

२०११ मध्ये पोन्टियस आणि मिलोन्स यांनी कप्पा सोडून द्या असं स्पष्ट लिहिलं, तेव्हापासून नुसता कप्पा दाखवून भागत नाही. त्रुटी सारणी (कोणत्या वर्गातले किती बिंदू कोणत्या वर्गात गेले त्याचा तक्ता) पूर्ण छापा.

त्याहून मोठी गोष्ट म्हणजे पिक्सेल मोजून आलेलं क्षेत्रफळ जसंच्या तसं तक्त्यात टाकू नका. समजा, नकाशात फळबाग ४,००० हेक्टर आली आणि तपासलेल्या बिंदूंपैकी ७८ टक्के बरोबर निघाले. म्हणजे खरी फळबाग ३,१२० हेक्टर. आता झुडपी माळ ४०,००० हेक्टर आहे आणि त्यातले फक्त ५ टक्के बिंदू प्रत्यक्षात फळबाग निघाले. ते झाले २,००० हेक्टर. एकूण ५,१२०. नकाशा ४,००० म्हणतोय. मोठ्या वर्गातली छोटी चूक लहान वर्गाला अशी गिळते, आणि तुमचा सगळा पेपर या लहान वर्गावरच उभा आहे. ओलोफसन आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये ही दुरुस्ती विश्वास मर्यादेसकट कशी करायची ते पायरीपायरीने मांडलंय, स्प्रेडशीटमध्ये तासाभरात होतं.

बिंदू प्रत्येक वर्गात निदान ५०, आणि यादृच्छिक. सासवड-जेजुरी रस्त्याच्या कडेने गाडीतून घेतलेले बिंदू चालत नाहीत. नकाशावर टाकले की ते रस्त्यासारखेच रांगेत दिसतात आणि समीक्षकाच्या लगेच लक्षात येतं. १९९२ ची तपासणी कशावरून केली तेही लिहा. जुन्या टोपोशीटच्या सर्वेक्षणाचं वर्ष शीटवरच दिलेलं असतं, ते १९७० च्या दशकातलं असेल तर तिला १९९२ चा पुरावा म्हणता येणार नाही.

---

चौथा मजला

जर्नलबद्दल. यूजीसीने केअर यादी फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद केली आणि निवडीचे निकष सुचवून जबाबदारी संस्थांवर टाकली. त्यामुळे 'केअर लिस्टेड' असं आजही ठळक मिरवणारं संकेतस्थळ दिसलं तर तिथेच थांबा. यूजीसीच्या २०२२ च्या पीएचडी नियमांत प्रबंध सादर करण्याआधी पेपर छापण्याची सक्ती उरलेली नाही. विद्यापीठाची स्वतःची अट असू शकते, ती मार्गदर्शकांना विचारा. सक्ती नसेल तर घाईही नको.

ओळखायच्या खुणा: आयएसएसएन असणं हा दर्जाचा पुरावा नाही, तो फक्त क्रमांक आहे. 'इम्पॅक्ट फॅक्टर' क्लॅरिव्हेटचाच, पुढे-मागे 'ग्लोबल' किंवा 'सायंटिफिक' असली शेपटं लावलेले आकडे विकत मिळतात. स्कोपसमध्ये (संशोधन जर्नलांच्या सूचीत) आहे की नाही हे स्कोपसच्या स्रोतयादीत जाऊन बघा, जर्नलने लावलेल्या चित्रावर विसंबू नका. जुन्या प्रतिष्ठित नावाची नक्कल केलेली संकेतस्थळंही असतात, म्हणून पत्ता त्या संस्थेच्या मूळ पानावरूनच उघडा. चार दिवसांत स्वीकृती आणि पाठोपाठ यूपीआयचा क्यूआर कोड आला तर तिथे समीक्षा झालेली नाही.

लांबीवरूनही निवड होते. ॲनल्स ऑफ द अमेरिकन असोसिएशन ऑफ जिऑग्राफर्समध्ये ११,००० शब्दांपर्यंत जागा आहे, 'एरिया' हे जर्नल ५,००० च्या आसपासच्या पेपरांचं. खोऱ्याच्या पातळीवरचं काम समजून घेणारे वाचक पुण्याच्या इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन जिऑग्राफर्सच्या ट्रान्झॅक्शन्सला आणि कोलकात्याच्या जिऑग्राफिकल रिव्ह्यू ऑफ इंडियालाही आहेत. एका वेळी एकाच ठिकाणी पाठवायचं, हे सांगायला नकोच.

प्रबंध आधीच शोधगंगेवर (प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारात) चढला असेल तर साम्य तपासणीत तुमचेच परिच्छेद लाल होऊन येतील. संपादकाला द्यायच्या पत्रात एक वाक्य टाका की हा पेपर प्रबंधातल्या प्रकरणावर आधारित आहे. तरी पद्धतीचा भाग नव्याने लिहाच.

---

जुनी टोपोशीट

अपलोडच्या फायली:

– शीर्षकपान वेगळं: नावं, संस्था, ऑर्किड क्रमांक (संशोधकाचा ओळखक्रमांक), ऋणनिर्देश, निधी, कोणी काय काम केलं.
– मुख्य मजकूर निनावी. 'आमच्या आधीच्या अभ्यासात' अशी वाक्यं तृतीय पुरुषी करा. वर्डमध्ये इन्स्पेक्ट डॉक्युमेंट चालवून लेखकाचं नाव आणि ट्रॅक चेंजेस पुसा. टिप्पण्यांतून मार्गदर्शकांचं नाव राहून जातं.
– आकृत्या एकेक वेगळ्या. नकाशाच्या कोपऱ्यात 'संशोधकाने तयार केलेला' असं लिहून खाली नाव टाकायची प्रबंधातली सवय इथे घात करते. फाईलचं नावही तपासा, आडनाव तिथेही असतं.
– तक्ते टंकलेले, चित्र म्हणून चिकटवलेले नकोत.
– एल्सेव्हिअरचं जर्नल असेल तर हायलाइट्स: ३ ते ५ मुद्दे, प्रत्येकी ८५ अक्षरांच्या आत, मोकळ्या जागा धरून.
– माहिती कुठे उपलब्ध आहे याचं निवेदन. बिंदूंची फाईल झेनोडोवर (संशोधनाच्या खुल्या भांडारात) ठेवली की डीओआय (कायमचा ओळखक्रमांक) मिळतो, पण समीक्षा होईपर्यंत त्या पानावरही तुमचं नाव दिसतं. तेव्हा समीक्षकांना निनावी प्रत द्या.

संदर्भांसाठी झोटेरो हे सॉफ्टवेअर वापरत असाल तर शेवटच्या प्रतीत फील्ड कोड (संदर्भ त्याला जोडणारे दुवे) तोडा, पण जोडलेली प्रत वेगळी जपून ठेवा. दुरुस्त्या आल्या की तीच लागते. मराठी संदर्भ रोमन लिपीत, पुढे चौकोनी कंसात इंग्रजी अर्थ आणि मूळ भाषा मराठी असल्याचा उल्लेख. नीरा नदीचं स्पेलिंग मजकुरात, नकाशात आणि संदर्भात एकच ठेवा. जनगणनेत एक, टोपोशीटवर दुसरं, असं हमखास सापडतं.

---

कऱ्हाकाठ

एकच राहिलं. स्थाननकाशात भारत, महाराष्ट्र आणि खोरं असे तीन चौकोन आहेत. भारताची सीमा नॅचरल अर्थवरून घेतली आहे.

---

रेषाप्रमाण

ती बदला. नॅचरल अर्थची मूळ फाईल प्रत्यक्ष ताब्याप्रमाणे सीमा दाखवते, त्यामुळे जम्मू-काश्मीर आणि लडाख सर्व्हे ऑफ इंडियाच्या नकाशाशी जुळत नाहीत. सर्व्हे ऑफ इंडियाच्या ऑनलाइन नकाशा पोर्टलवर सीमा मिळतात, त्या घ्या आणि आकृतीखाली तसा उल्लेख करा. प्रकाशक परदेशी असेल तर तो स्वतःची सीमाविषयक टीप जोडू पाहतो आणि त्यात पत्रव्यवहार लांबतो. तुमच्या पेपरला भारताचा चौकोन लागतच नाही. महाराष्ट्रापासून सुरुवात करा, कडेला अक्षांश-रेखांश द्या. वाचलेल्या जागेत खोऱ्याचा चौकोन मोठा होईल आणि मोरगाव, बारामती ही नावं ७ पॉइंटात बसतील.