शब्दचर्चा : गारगोटी, स्फटिक की चकमक?

प्रश्न : नागपूरजवळच्या कन्हान नदीच्या रेतीत पांढरे, गुळगुळीत गोटे मिळतात. त्यांना गारगोटी म्हणायचं की स्फटिक? काही जण चकमकही म्हणतात.

उत्तर : गारगोटी. 'स्फटिक' म्हटलं की पारदर्शक, पैलूदार खडा डोळ्यांपुढे येतो. शिवाय शास्त्रात मीठ-साखरेचेही स्फटिकच. खनिज नेमकं सांगायचं असेल तर सरळ क्वार्ट्झ लिहा. चकमक हे आग पाडायचं साधन, त्यात गार म्हणजे गारगोटीसारखा कठीण दगड आणि पोलाद दोन्ही आले. ठिणगी असते ती पोलादाच्या खरवडलेल्या कणाची, गारेची नव्हे. नुसतं 'गार' लिहिलं तर पावसातली गार किंवा थंड असा अर्थ लागू शकतो, म्हणून 'गारेचा दगड' बरा.

भर : पण प्रत्येक पांढरा गोटा गारगोटी नसतो. नागपूर जिल्ह्यातच देवलापारकडे संगमरवर आहे, त्याचाही गोटा पांढराच. काचेच्या तुकड्यावर दाबून ओढा. गारगोटीची कठिणता (मोहस् मापात, १ सर्वात मऊ, १० सर्वात कठीण) ७, काचेची साधारण साडेपाच, म्हणजे ओरखडा पडायलाच हवा. ओल्या बोटानं पुसून बघा. पुसला गेला तर ती दगडाची भुकटी होती. संगमरवराची कठिणता ३, तो काचेवर काही करत नाही. सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकला की तो फसफसतो. मात्र थेंब ताज्या फुटलेल्या बाजूवरच टाका, कारण गारगोटीवर चुन्याचं पुट असलं तरी फेस येतो आणि निदान चुकतं.

प्रश्न : मग काच ओरखडली की गारगोटी नक्की?

उत्तर : नाही. फेल्डस्पार या खडकांतल्या दुसऱ्या नेहमीच्या खनिजाची कठिणता ६, तोही काच ओरखडतो. इथे फूट बघावी लागते. फेल्डस्पार सपाट पृष्ठांवर फुटतो, दोन पृष्ठं जवळपास काटकोनात. गोटा फिरवला की एखादं पृष्ठ एकदम चमकतं. गारगोटीची फूट वाकडी, शिंपल्यासारखी, तेलकट चकाकीची. फोडताना चष्मा हवाच, कपच्या धारदार उडतात.

भर : क्वार्ट्झ मुळात रंगहीन. वाढताना आत अडकलेले द्रवाचे अतिसूक्ष्म थेंब उजेड विखुरतात, म्हणून तो दुधाळ दिसतो. तांबूस डाग लोहाचे. भिंगाखाली साखरेसारखे दाणे दिसले तर तो क्वार्ट्झाइट, म्हणजे वाळूच्या खडकाचं रूपांतर. तोही याच भागात मिळतो.

आणखी एक : नागपूरच्या पश्चिमेला काळा बेसाल्ट, म्हणजे लाव्हाचा खडक आहे. त्याच्या पोकळ्यांतल्या पांढऱ्या खड्यांनाही लोक गारगोटीच म्हणतात. सिन्नरच्या खनिज संग्रहालयाचं नावसुद्धा 'गारगोटी', आणि तिथला भर झिओलाइटवर, म्हणजे बेसाल्टच्या पोकळ्यांत वाढणाऱ्या खनिजांवर. बोलण्यात चालेल, नमुन्याच्या चिठ्ठीवर मात्र खनिजाचं नाव आणि तो कुठे मिळाला हे दोन्ही लिहा.